काचेच्या कॉलेजात हसलेली मावशी

आमच्या खोऱ्यात असं बोललं जातं, की ट्वायला स्टँपर नर्सिंगच्या कॉलेजात पिऊन गेली, तिथल्या साहेबाच्या तोंडावर खिदळली आणि शेवटी वॉचमनने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. पेट्रोल पंपावरची बाई हे सांगते तेव्हा ‘दंडाला धरून’ म्हणताना स्वतःचाच दंड पकडते आणि गिऱ्हाइकाचे सुटे पैसे द्यायला विसरते.

ट्वायला माझी मावशी. खोकल्याच्या औषधातही दारू नाही ना, हे बाटली वाचून बघणारी बाई ती. वॉचमनने फक्त दार उघडून धरलं, कारण हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला कडी दिसत नव्हती. म्हणजे हसली, एवढं मात्र खरं. त्यात माझाही हात होता, म्हणून सगळं सांगते.

मावशी चौतीस वर्षांची. लिक फोर्कच्या वृद्धाश्रमात अकरा वर्षं मदतनीस. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कूस बदलायची, कवळी शोधायची. तासाला पंधरा डॉलर.

“सुई टोचायची तेवढी मी ठेवलीये,” ती म्हणायची. “बाकी सगळं करून झालं. आणि टोचणारीला म्हणे दुप्पट मिळतात.”

तर तिला टोचणारी व्हायचं होतं. रस्ते दोन. एक सरकारी कॉलेज: दोन वर्षं, नऊ हजार, पण जागा चाळीस आणि ताटकळणाऱ्यांची यादी ही लांब. दुसरं हायवेवरचं, काचेच्या इमारतीतलं खासगी कॉलेज: तेही दोन वर्षं, पण सहा आठवड्यांत वर्ग सुरू, यादीबिदी काही नाही, फी बावन्न हजार. ती सगळी कर्जातून, आणि कर्जाला जामीन म्हणून माझ्या आजोबांची सही.

आजोबा बत्तीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते. प्रत्येक वाक्याआधी ते घशातली अर्धी खाण वर आणतात. “खर्रर्र. सही करतो, पोरी. पण माझ्या बापाने खाण कंपनीच्या दुकानातून पीठ उधार घेतलं होतं. तो गेला तेव्हा पीठ संपलं होतं, उधारी नव्हती संपली.”

काचेच्या कॉलेजात प्रवेश देणारे केंड्रिक साहेब मात्र रोज फोन करायचे. आवाज असा, की पाव बुडवून खावा. “ट्वायला, मी तुझ्या भविष्याकडून बोलतोय.” त्यांनी सांगितलेला नर्सचा पगार म्हणजे सगळ्या देशाची सरासरी. खोऱ्यातल्यांचा आकडा तर त्याहून मोठा. साथीच्या वर्षी कॉम्ब्सांची लेक गावोगावच्या इस्पितळांत फिरून आठवड्याला चार हजार कमवायची. साथ ओसरली, तिचा पगारही ओसरला. पण आमच्याकडे अजून कुणी ‘नर्स’ म्हटलं की ‘आठवड्याला चार हजार’ असंच ऐकू येतं.

मावशीचा दोन्हींवर विश्वास बसेना. “मला लिक फोर्कच्या नर्सला किती मिळतात ते सांगा.”

पण विचारणार कशी? आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन विचारा, घटस्फोट विचारा, नवरा तुरुंगातून कधी सुटतोय विचारा, लोक खुर्ची पुढे करतील. पगार विचारलात की माणूस आभाळाकडे बघायला लागतो. म्हणून मावशीने वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक केला. भाकरीएवढे सात थर, मधेमधे शिजवलेलं सफरचंद, आणि वरून झाकून तीन दिवस तसाच ठेवायचा, तेव्हा कुठे तो मऊ पडतो. आमच्याकडे लग्नाला करतात तो. चौथ्या दिवशी केक घेऊन ती नर्सांच्या खोलीत गेली. एक तुकडा, तीन उत्तरं. कुठे शिकलीस, तासाला किती, कर्ज किती राहिलंय.

“ट्वायला, असं विचारतात का कुणाला?” ओलेटा नर्स म्हणाली.

“मागच्या आठवड्यात तू मला तुझं बाळंतपण टाक्यांसकट सांगितलंस. पगारालाच कसली लाजतेस?”

ओलेटाने तुकडा घेतला. सगळ्यांनी घेतला. निघालं असं, की कुठेही शिकलेली असो, प्रत्येकीला तासाला एकोणतीस ते एकतीस. सरकारीवाल्यांचं कर्ज फिटलेलं, काचेवाल्या तिघी महिन्याला साडेपाचशे भरत होत्या. “हप्ता जातो, पण जगतो की आम्ही,” त्यातली एक बोटं चाटत म्हणाली.

त्यावर केंड्रिक साहेबांचं म्हणणं तयार होतंच. “एक वर्ष यादीत थांबलीस तर नर्सचा एक वर्षाचा पगार बुडाला. मदतनिसापेक्षा तीस हजार जास्त मिळाले असते. मग स्वस्त कुठलं, ट्वायला?” मावशीने बोटांवर मोजलं, आजोबांनी मोजलं, मी मोजलं. माणूस गोड बोलत होता, पण खोटं बोलत नव्हता. यादीत वर्ष-दीड वर्ष गेलं तर दोन्ही कॉलेजांतला फरक अगदीच थोडका उरत होता. मी म्हटलं, कर सही. आजोबा पेन शोधायला लागले.

केकचा एक तुकडा उरला होता. तो मावशीने जाता जाता धुण्याच्या खोलीत रेथाला दिला. रेथा मॅगर्ड चादरी धुते, घड्या घालते. नर्स नाही, म्हणून मावशीने तिला काही विचारलं नाही.

रेथाने तो उभ्या उभ्या संपवला. मग म्हणाली, “मला नाही विचारायचे तुझे तीन प्रश्न? सगळीकडे गाजतायत.”

“तुला काय विचारू गं?”

“विचार की. काचेचं कॉलेज. तासाला तेरा. राहिलेत अडतीस हजार.”

मावशी कपड्यांच्या टोपलीवरच बसली. रेथाने कॉलेज पुरं केलं होतं, पण नर्सचा परवाना सरकारी परीक्षेशिवाय मिळत नाही आणि त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. शिकवायला बाई यायच्या त्या दर महिन्याला वेगळ्या, म्हणाली. तिच्या वर्गात सव्वीस जणी होत्या. नर्स झाल्या अकरा.

“मग बाकीच्या मला भेटल्या कशा नाहीत?”

“तू केक नर्सांच्या खोलीत नेलास, ट्वायला. तिथे त्या कशा असतील?”

मावशी त्या दिवशी घरी आली ती चौथा प्रश्न घेऊन. सरकारी कॉलेजात तिने तो फोनवरच विचारला. फोनवरच्या बाईने न कुरकुरता आकडा वाचून दाखवला: गेल्या वर्षी चाळीस बसल्या, सदतीस नर्स झाल्या. आता तोच प्रश्न केंड्रिक साहेबांना समोर बसून विचारायचा होता. “पण तो माणूस बोलायला लागला की मी लोण्यासारखी वितळते,” ती म्हणाली. “तू त्याचा आवाज काढ. मी सराव करते.”

आजोबांचा टाय लावून मी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसले. मावशीने घसा साफ केला. “साहेब, तुमच्याकडे शंभर जणी आल्या तर नर्स किती होतात?”

मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली, मान तिरकी केली आणि पाव बुडवायचा आवाज काढला. “फार सुंदर प्रश्न विचारलास, ट्वायला. पण त्याहून सुंदर प्रश्न असा, की पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?”

असा सराव आम्ही आठवडाभर केला. मग ती हायवेवर गेली, काचेच्या खोलीत बसली, प्रश्न विचारला. केंड्रिक साहेबांनी बोटं गुंतवली, मान तिरकी केली, आणि म्हणाले, “फार सुंदर प्रश्न विचारलास, ट्वायला. पण त्याहून सुंदर प्रश्न असा...”

पुढचं त्या बिचाऱ्यांना बोलताच आलं नाही. वॉचमनचं वर सांगितलंच आहे.

त्याच दुपारी मावशीने सरकारी कॉलेजात नाव घातलं. यादीत नंबर एकसष्ट. तो आकडा ऐकून मी म्हटलं, “एवढं तू थांबणार? केंड्रिक साहेबांचा पुढचा फोन आला की जाशील परत. लाव पैज.”

“लावली. हरणारीने माझी ब्युइक गाडी धुवायची, आतून-बाहेरून.”

केंड्रिक साहेबांचे अजून अकरा फोन आले, त्यातला एक चार हजारांची सूट घेऊन. मावशी दर वेळी त्यांच्या आईची तब्येत विचारायची आणि फोन ठेवायची. यादी पुढे सरकत होती. कुणी गाव सोडलं, कुणाला दिवस गेले, कुणी काचेकडे वळलं. तेवढ्या काळात मावशीने दर शनिवारी जाऊन शरीरशास्त्राचा विषय आधीच पास करून टाकला, म्हणजे नंतर तेवढं ओझं कमी. आजोबांचं पेन कुठल्या खणात गेलं कुणास ठाऊक, पुन्हा कुणी शोधलं नाही.

चौदा महिन्यांनी पत्र आलं. वर्ग ऑगस्टपासून, जागा पक्की. मावशीने ते दोनदा वाचलं, आजोबांना दिलं, आणि खिडकीतून गाडीकडे बघितलं. जानेवारी होता. नळाच्या तोंडाशी बर्फ लोंबत होतं.

“उन्हाळ्यात धुतली तर?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात मला अभ्यास असेल, तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?”

मग मी गरम पाण्याच्या बादल्या वाहत होते आणि ती पायरीवर घोंगडी पांघरून, कॉफीचा मग धरून बसली होती. आजोबा दारात उभे राहून, घसा खरवडून, मी कुठे कुठे चुकवतेय ते दाखवत होते. दोन तास लागले. माझी बोटं कुठली आणि फडकं कुठलं हे मला कळेनासं झालं.

“चाकांच्या आतूनसुद्धा,” मावशी म्हणाली.