आधी श्री

नव्वदच्या दशकात नाशकात ज्याला संगणक चालवता येई तो स्वतःला शहाणा समजे. मी तर दोन कोर्स केले होते.

निफाडजवळच्या एका शीतगृहासाठी मी प्रोग्राम लिहिला. कुणाच्या द्राक्षपेट्या कुठल्या खोलीत आहेत, ते सांगणारा. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ आणि बावीस हुकूम. हुकूम इंग्रजीत, त्यातली निम्मी अक्षरं मीच गाळलेली, टाइप करायला सोपं जावं म्हणून. दयाळू स्वभाव, दुसरं काय! सोबत चाळीस पानांचं माहितीपुस्तक दिलं. ते टेबलाच्या पायाखाली सरकवल्यावर टेबल डुगडुगायचं थांबलं, म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

हे सगळं चालवायचं होतं नोंदवहीवाल्या ताईंनी. पंधरा वर्षं आवक त्याच लिहीत होत्या आणि घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. शीतगृहाच्या चेअरमननी बजावलं होतं, हंगामाआधी मशीन जमलं तर ठीक, नाहीतर नाशिकहून शिकलेली मुलगी आणू.

आठवड्याने गेलो तर मशीनमध्ये एकही नोंद नाही. मी तडक चेअरमनना सांगितलं, "यांना जमणार नाही." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या धंद्यात फार कामाला येते.

"सोमवारी मी सोता बघतो," चेअरमन म्हणाले. "नाय जमलं तर मुलगी ठरवून टाकू."

निघता निघता ताईंना म्हटलं, करता काय ते दाखवा तरी. त्यांनी मशीन लावलं, पदर सावरला आणि एकेक इंग्रजी अक्षर शोधून टाइप केलं: श्री. त्यांच्या पंधरा वर्षांच्या वह्यांत प्रत्येक पानाच्या डोक्यावर तेच होतं. मशीनने उत्तर दिलं, 'बॅड कमांड'.

"रोज असंच म्हणतंय," त्या हळूच म्हणाल्या. "देवाचंच नाव लिहिलं ना भाऊ? तेच वाईट म्हणतंय, तर पुढं कसं लिहू?"

मला हसू फुटलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस पानांत मी सगळं लिहिलं होतं, पण मशीन लावल्यावर पहिलं काय लिहायचं, ते कुठेच नव्हतं. शहाण्यांना ते ठाऊकच असतं ना!

तिथेच बसून श्री नावाचा हुकूम तयार केला. तो दिला की प्रोग्राम उघडे आणि इंग्रजी अक्षरांत, पण मराठीतून एकेक विचारी: माल कुणाचा? गाव कोणतं? पेट्या किती? चुकलं तर म्हणे, काही बिघडलं नाही, पुन्हा लिहा. दुपारभराचं काम. प्रोग्राम लिहिण्यात घालवलेल्या सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

सोमवारी ताईंनी चेअरमनसमोर आधी श्री लिहिलं आणि जुन्या वहीतल्या सहा गाड्यांची आवक चहा यायच्या आत नोंदवून टाकली. चेअरमन माझ्याकडे वळले. "तुम्ही तर म्हणत होते, यांना जमणार नाय?"

मी वाकून टेबलाच्या पायाखालचं माहितीपुस्तक नीट सरकवू लागलो. शेवटी ताईंनाच माझी दया आली.

"असू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "त्यांना बी नवीनच हाय हे. शिकायला येळ लागतो."