गिअरचा दोष

माझ्या बायकोच्या सायकलचा डिरेलर वाघोबा घाटाच्या पायथ्याशी एका दगडावर आपटून मोडला. डिरेलर म्हणजे मागच्या चक्रांवर चेन इकडून तिकडे सरकवणारा हात. डोंगरात चालवायच्या या दोन सायकली आम्ही तारापूरच्या वसाहतीतून बदली होऊन निघालेल्या एका जोडप्याकडून घेतल्या होत्या. मॉडेल जुनं, त्यामुळे त्याच कंपनीचा डिरेलर कुठे मिळेना. पालघरच्या दुकानदाराने दुसऱ्याच कंपनीचा काढून दिला. मी म्हटलं, द्या, बसवतो.

बसवतो म्हणायची मला सवयच आहे. बोईसरच्या कारखान्यात मी फिटर. एका कंपनीच्या पंपाला दुसरीचं बेअरिंग, तिसरीचं सील, मध्ये पत्र्याची चकती, आणि चालू करा, यातच माझी उमर गेली. अस्सल सुटं सामान येईपर्यंत इथे कोणी थांबत नाही.

पण सायकल ऐकेना. हँडलवरचं गिअरचं बटण जुन्या कंपनीचं. ते दाबलं की वायर जेवढी ओढली जायची, तेवढ्यात नवा डिरेलर पुरेसा सरकायचा नाही. लहान चक्रांवर चेन गुमान बसायची, मधल्यांवर कुरकुरायची, आणि चढाला लागणाऱ्या सगळ्यात मोठ्या चक्रावर जायचीच नाही. गेली तरी घसरायची. मी लेथवर चकती करून वायरची पकड बदलली. एक रविवार बरा गेला, पुढच्या रविवारी परत येरे माझ्या मागल्या.

आधी बायको घाट माझ्या पुढे चढायची. वाणगावची, मिरचीच्या वाडीत राबलेली बाई. वर पोहोचून माझी टर उडवत उभी असायची. आता मधल्या वळणावर उतरून सायकल ढकलू लागली. "तुमचा गिअरच लागत नाय," म्हणायची. मी डिरेलरला शिव्या घालायचो.

त्याच सुमारास घरी जिना चढताना तिचा हात कठड्यावर जायला लागला. घट्ट झाकणाची बरणी ती माझ्यापुढे सरकवू लागली. पालघरच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिलं. स्नायूंचा आजार असू शकतो, मुंबईला जाऊन तपासण्या करून घ्या, म्हणाले. तसा निघाला तर तो बरा होत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाय जातात ते त्या सायकलमुळं. आदी गिअर नीट करा. मग बगू मुंबईचं."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शिवाय आमची पद्धतही तीच. संशय असलेला भाग बदलायचा आणि यंत्र चालवून पाहायचं. बिघाड गेला तर त्या भागात होता, राहिला तर दुसरीकडे आहे. मी शेवटी बटण, डिरेलर, मागची चक्रं, चेन, सगळं एकाच कंपनीचं मागवलं. तिला मात्र घाई नव्हती. "ऱ्हाऊ द्या ना, चाललंय तसं चालू दे," म्हणायची. मी मठ्ठ, मला वाटलं ती माझ्या जुगाडाचं कौतुक करतेय.

सामान आलं. ओट्यावर सायकल उलटी ठेवून मी सगळं बसवलं, पेडल फिरवलं. चेन एकेका चक्रावर आवाज न करता चढत गेली. मी शीळ घालत होतो. ती दारात उभी राहून बघत होती.

रविवारी घाटात गेलो. ती पुढे, मी मागे, कान चेनकडे. कुरकुर नाही, खडखड नाही. मधलं वळण अजून लांब होतं, तेवढ्यात तिचे पाय थांबले. सायकल कलली. मी माझी रस्त्यात टाकून धावलो आणि तिला धरलं. ती कडेच्या दगडावर बसली. मनोरकडून येणारा एक ट्रक हॉर्न वाजवत खाली उतरला. मी वाकून तिचं मागचं चाक पाहिलं. चेन घसरलेली असू दे, एवढंच मागत होतो. आपलं काम फसलेलं निघावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

चेन मोठ्या चक्रावर नीट बसलेली होती.

"बसलीय का?" तिने विचारलं.

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण तीही वाकून तिथेच बघत होती.

"बसलीय," मी म्हणालो.

ती थोडा वेळ आपल्या मांड्या चोळत राहिली. मग म्हणाली, "घ्या मुंबईची तारीख." आणि उठायला म्हणून तिने हात पुढे केला. मी तो धरून ओढला. उभं राहायला तिने स्वतःचा जोर लावलाच नाही. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं.