खाकीच्या आशेवर

मालवणहून निघालेली बोट भाऊच्या धक्क्याला लागली, तेव्हा मी तीनदा ओकून पार रिकामी झाले होते. मुंबईचं पहिलं दर्शन कसं होतं, म्हणून गावात सगळे विचारतात, ते असं. हे धक्क्यावर उभे होते. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी दर भेटीला हे परक्या बाईला विचारावं तसं "परवास बरो झालो?" एवढंच विचारतात.

हे लालबागच्या एका गिरणीत बदली (कायमचा कामगार आला नाही तरच काम मिळणारा). राहतात गाळ्यात (एका गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली खोली). तिथे चौदा जण पाळीपाळीनं झोपतात, बायकोला जागा कुठली? माझी सोय खालच्या पारूमावशींच्या खाणावळीत झाली. मावशी साताऱ्याकडच्या. त्यांच्या बोंबलाच्या कालवणात खोबरं शोधूनही सापडलं नाही, पण मी दोन भाकऱ्या हाणल्या.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरण्या बंद, भोंगे गप्प, भिंतीभिंतीवर 'मुंबईसह' लिहिलेलं. यांना मोकळा दिवस मिळाला, म्हणून आम्ही परळला एक खोली बघायला गेलो.

खोली एवढीशी, कोपऱ्यात मोरी, पूर्वेला खिडकी. चूल कुठे, पाटावरवंटा कुठे, हे मी उभ्या उभ्याच ठरवून टाकलं आणि मग मला रडू आलं. सहा वर्षांत आम्ही दोघांनी एका छपराखाली सलग महिनाभर काढलेला नाही. त्या खोलीसाठी मी काहीही दिलं असतं.

"ऑर्डर इली तर माका कायम करतले," हे म्हणाले. "मगे ही आपली."

ऑर्डर म्हणजे लष्कराच्या खाकी कापडाची. ती आली की गिरणी तिसरी पाळी लावणार. मी पडले मास्तरीण, विचारल्याशिवाय राहवत नाही. सरकारला एकदम एवढी खाकी कशाला? शेजारच्या देशानं नवी शस्त्रं घेतली, म्हणून आपणही फौज वाढवणार, असं यांनी सांगितलं. माझ्या शाळेचं छप्पर चार पावसाळे गळतंय आणि सरकार दर वेळी पैसे नाहीत असं कळवतं, हे मी ऐकवलं. छपराला खाकी लागत नाही ना, असं म्हणून हे हसले.

मावशींना मी हे सांगितलं, तेव्हा त्या भाकऱ्या थापत होत्या.

"मोठी लढाई हुती तवा गिरण्या रातदिस चालायच्या. माज्याकडं जेवायला रांग लागायची. लढाई थांबली आन् निम्मी मानसं गावाकडं गेली. लढाई कुनाला हवी असती पोरी? पर जेवायला मानसं तर हवीत."

माझा धाकटा भाऊ बाबू फौजेत आहे, उत्तरेच्या सीमेवर. दोन वर्षं घरी न आलेला तो येत्या महिन्याभरात जत्रेला यायचा होता. खरं सांगते, मावशी बोलत असताना मला त्याची आठवणही झाली नाही. मला ती खिडकी दिसत होती.

पाचव्या दिवशी ऑर्डर आली. हे धावतच खाणावळीत शिरले, केसांत कापसाचे तंतू तसेच. कायम होणाऱ्यांच्या यादीत यांचं नाव होतं. मावशींच्या हातावर आधी पेढा ठेवला, मग माझ्या. माझे डोळे भरून आले. शेजारच्या चक्कीवर मिरची दळत होते, तिचा ठसका लागला असं मी सगळ्यांना सांगितलं.

भांडीकुंडी आणायला मी परत निघाले. बोटीवर या खेपेला मी एकदाही ओकले नाही.

माहेरी आई बाबूचं पत्र घेऊन ओसरीवर बसली होती. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. पलटणीतल्या सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या, जत्रेला येणं होणार नव्हतं.

"रजा कित्याक बंद केल्यानी?" आईनं विचारलं.

सीमेवर फौज वाढवतायत म्हणून, मी म्हटलं. मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, पदरानं तोंड पुसून तिनं खोलीची चौकशी केली. खिडकी आहे का, पाणी किती वेळ येतं, सगळं विचारलं.

"आणि जावयांका एकदम कायम कशे केल्यानी?"

उत्तर तेच होतं. मी पत्राची घडी घालत राहिले. परळची ती खोली मला अजूनही तितकीच हवी होती, आणि आईकडे बघवत नव्हतं.