मागच्याने सोडण्याआधी

बोलण्याची इतकी साधने भोवती असूनही ज्याला त्यांवरून दिवसभर कोणाशीच बोलायचे नसे, अशा एका माणसाची ही कथा आहे. एका मोबाइल कंपनीच्या वतीने तो रस्ते तपासत असे. रस्त्यांच्या खड्ड्यांशी त्याला कर्तव्य नव्हते. त्या रस्त्यांवर पसरलेले लहरींचे अदृश्य छत्र कोठे विरळ झाले आहे, कोठे फाटले आहे, हे शोधणे हा त्याचा व्यवसाय. गाडीच्या मागच्या आसनावर एक लाकडी ट्रे, ट्रेच्या खाचांत ओळीने बसवलेले फोन, मांडीवर लॅपटॉप आणि टपावर बुटकी काळी अँटेना, एवढा त्याचा संसार. प्रत्येक फोनवरून एक कॉल लावलेला असे. पलीकडे माणूस नसे. कार्यालयातले एक यंत्र तो कॉल उचली आणि नुसते धरून ठेवी. गाडी धावत असताना तो तुटतो का, आणि तुटला तर नेमका कोठे, एवढेच पाहायचे. या मंडळींच्या बोलीत त्याला ‘मुका कॉल’ म्हणत.

गाडी चालवणाऱ्याला सारे कार्यालय ‘मामा’ म्हणे. मामांना या मुकेपणाची मोठी गंमत वाटे.

“साहेब, एवढे फोन पोटाशी घेऊन बसता, पण एकावर कोणी ‘जेवलास का’ म्हणून विचारत नाही. असली श्रीमंती वैऱ्यालाही नको.”

“विचारणारं एक माणूस आहे, मामा. दुपारी विचारील.”

“त्या होय! त्या जेवणाचं नाही विचारत. त्या ‘कुठे आहेस’ विचारतात. मला पाठ झालंय.”

ते खरे होते. दुपारी त्याच्या खिशातला स्वतःचा फोन वाजे, आणि पलीकडून ताई पहिला प्रश्न हाच करी, “कुठे आहेस?” प्रकृती, हवापाणी, जेवणखाण हे सारे मागून. आई गेली तेव्हा हा धाकटा इतका लहान होता, की त्याच्या स्मृतीत आईच्या जागी ताईच होती. ताई एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होती. समोर छिद्रांची भिंत, हातात दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना पितळी पिना, कानावर जड हेडफोन. शाळा सुटली की धाकटा तिच्या खुर्चीमागे जमिनीवर बसून राही आणि तिचा आवाज ऐकत असे. तो आवाज मृदू नव्हता, पण निथळ होता. चिडलेला व्यवस्थापकही तिच्या ‘थांबा, जोडून देते’ या शब्दांनी अर्धा शांत होई. तिचे सारे आयुष्य त्या एका वाक्याच्या आश्रयाने गेले. स्वतःचा संसार तिने मांडला नाही. धाकट्याचे शिक्षण, धाकट्याची नोकरी, असे म्हणता म्हणता ते मांडायचे राहून गेले.

कॉल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वळवताना तिचा एक नेम असे. पुढची पिन बसली, पलीकडच्याने ‘हं’ म्हटले, ते कानाने ऐकले, की मगच मागची पिन काढायची.

“अधल्यामधल्या क्षणात माणूस पोरका होता कामा नये, धाकट्या,” ती म्हणे. “पोरकं माणूस आरडाओरडा करतं, आणि मग शिव्या मला बसतात.”

पुढे मोठेपणी मोबाइलचे शिक्षण घेताना अध्यापकांनी फळ्यावर दोन वर्तुळे काढली. चालता माणूस एका टॉवरच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत कसा जातो, ते समजावून सांगितले. फोन सदैव आजूबाजूच्या टॉवरांची चाहूल घेत असतो. हातातला धागा क्षीण होऊ लागला, की तो शेजारच्याचे बळ कळवतो. मग शेजारचा टॉवर आधी जागा तयार करतो, ‘ये’ म्हणतो, आणि त्यानंतरच मागचा आपला हात सोडतो. बोलणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. वर्गातले इतर विद्यार्थी आकृती उतरवून घेत होते. धाकटा मात्र एखाद्या ओळखीच्या घरात शिरावे तसा त्या आकृतीत शिरला. फोन परक्या कंपनीच्या, परक्या मुलखाच्या जाळ्यात गेला तरी त्याच्या मूळ घरी एक खूण राखलेली असते, आज तो अमक्याच्या आश्रयाला आहे, अशी. कोणी त्याला हाक मारली, तर ती आधी घरी पोचते आणि घर ती पुढे पाठवते, हेही त्याला त्या वर्षी कळले. त्याने घरी येऊन ते ताईला सांगितले.

“म्हणजे तुझ्या फोनलाही एक ताई असते,” ती म्हणाली. “बिचारी.”

असा तो आवाज. तो गेल्या वर्षी बसू लागला. आधी सर्दी म्हणून, मग वय म्हणून तिने तो अंगावर काढला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि तपासण्या केल्या. मग दोघांना समोर बसवून सांगितले, की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, “गळा कापणार आणि वर आपणच त्यांचे आभार मानायचे. चांगला धंदा आहे.”

“ताई, तुझा आवाज फोनवर साठवून ठेवू या. थोडं बोल. काहीही बोल.”

“मी काय पोपट आहे? पिंजऱ्यात ठेवून ऐकत बसणार?” मग थोडे चालून गेल्यावर, त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, “एक मात्र सांगायचंय तुला. तोंडाने सांगायचंय. लिहून सांगण्यासारखं नाही ते.”

“मग सांग की.”

“आत्ता नको. आत्ता सांगितलं, तर उरलेले दिवस तू माझ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी बघशील. आत नेतील ना, तेव्हा सांगीन. तू जवळ रहा म्हणजे झालं.”

त्याने शब्द दिला. ती इस्पितळात दाखल झाली. शस्त्रक्रियेचा दिवस परवाचा होता, आणि त्याची रजा उद्यापासून लागणार होती. त्या दिवशी गावाबाहेरच्या नव्या रस्त्याचा तेवढा एक तुकडा तपासून हातावेगळा करायचा होता.

सकाळी काम सुरू करताच ट्रेमधला एक फोन फुगून निकामी झाला. त्या तुकड्यावर पाण्याच्या टाकीवरचा टॉवर आपली मर्यादा सोडून फार पुढे पोचतो आणि शेजारच्यांच्या कामात लुडबुड करतो, अशी तक्रार होती. त्याची पोच मोजायची, तर एक फोन केवळ त्याच टॉवरला बांधावा लागतो. बांधलेला फोन दुसऱ्या कोणाकडे पाहत नाही. आजूबाजूला कितीही सशक्त टॉवर उभे असोत, त्याचे व्रत एकाचेच. असा फोन नंतर सोडवायला विसरू नये, म्हणून या तपासणाऱ्यांत एक रीत होती. बांधलेल्या फोनला पिवळे रबर गुंडाळायचे. ही रीत याच माणसाने घालून दिली होती आणि नव्या माणसांना तो ती पुन्हा पुन्हा शिकवत असे.

निकामी फोनच्या जागी त्याने खिशातला स्वतःचा फोन घेतला आणि टाकीवरच्या टॉवरला बांधला. रबरांचे पाकीट पुढच्या कप्प्यात होते, आणि मामा गाडी कडेला लावून चहाला गेले होते. पुढे वाकून कप्पा उघडायला कितीसा वेळ लागला असता! पण स्वतःचा फोन कोण विसरतो, असे त्याला वाटले. त्या ठिकाणची मोजणी झाली, मामा आले, गाडी सुरू झाली. सवयीचा हात फोन उचलून खिशात ठेवून मोकळा झाला.

गाडी टाकी मागे टाकून खिंडीत शिरली. ट्रेमधल्या फोनांचे लॅपटॉपवरचे आलेख खाली झुकत आणि पुन्हा वर उठत होते. एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हाती ते सारे अलगद जात होते. एकही मुका कॉल तुटला नाही.

“आज बरं दिसतंय सगळं,” तो म्हणाला.

“मग चेहरा का असा? उद्या रजा आहे तुमची.”

“रजा कसली, मामा.”

मामांनी गियर बदलला. बराच रस्ता तसाच गेला. उन्हे माथ्यावरून कलली, तेव्हा आरशातून मागे पाहत त्यांनी सहज विचारले, “साहेब, आज ताईंचा फोन नाही आला?”

त्याने खिशात हात घातला. पडद्यावर नेटवर्क नव्हते. चहूकडे टॉवर उभे होते, ट्रेमधले फोन त्यांच्याशी सुखाने जोडलेले होते, आणि त्याच्या तळहातावरचा हा एकटा फोन डोंगराआड गेलेल्या टाकीची वाट पाहत बसला होता. घराने हाक पुढे पाठवली असेल, पण घेणाऱ्याचा ठावच लागत नव्हता.

त्याने बंधन काढले. क्षणभर काहीच झाले नाही. मग लागोपाठ संदेश येऊ लागले. या क्रमांकाने आपल्याला संपर्क करण्याचा प्रयत्न केला. पुन्हा तोच क्रमांक. पुन्हा तोच.

त्याने फोन लावला. वॉर्डातल्या परिचारिकेने उचलला.

“अहो, कुठे होता तुम्ही? आतलं एक ऑपरेशन रद्द झालं, म्हणून डॉक्टरांनी ताईंना आजच घेतलं.”

“घेतलं म्हणजे?”

“नेलं आत. थोडा वेळ झाला. तुम्हाला किती लावला! दरवेळी ती बाई तेच सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणून. स्ट्रेचरवर झोपवलं, तरी फोन सोडेनात. शेवटी दारापाशी मीच काढून घेतला हातातून.”

“काही बोलली ती? माझ्यासाठी काही?”

परिचारिका आठवू लागली. “नाही हो. निरोप ठेवता का म्हणून विचारलं मी. नको म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, ‘रस्त्यात असेल तो. लागेल.’”

मामांनी न सांगताच गाडी वळवली होती.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर समाधानी होते, आणि त्यांचे आभार मानले गेले. ताई शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या गळ्याशी पांढरी पट्टी होती आणि पट्टीखालच्या छिद्रातून श्वासाची बारीक शीळ येत होती. तिने त्याला पाहिले. त्या दृष्टीत ठपका असता, तर त्याला सोसवला असता. ती केवळ तो पोचल्याची खात्री करून घेत होती.

घरी आल्यानंतर एकदा त्याने सगळे सांगितले.

“रेंज होती, ताई. सगळीकडे होती. मीच बांधून ठेवला होता तो. रबर लावलं नाही.”

ताईने ऐकून घेतले. तिच्या उशाशी लिहिण्याची पाटी असे. दूध संपले, खिडकी लाव, औषध कडू आहे, असे सारे त्या पाटीवर चाले, आणि अधूनमधून त्याची थट्टाही चाले. त्याने पाटी तिच्यापुढे धरली.

“काय सांगणार होतीस?”

तिने लेखणी घेतली. ती बराच वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग लेखणी खाली ठेवून मान हलवली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. लिहून सांगण्यासारखं नाही, हे तिने आधीच सांगितले होते. पुन्हा विचारण्याचा धीर त्याला झाला नाही.

तो कामावर रुजू झाला. गाडीत बसताना त्याच्या लक्षात आले, की पिवळ्या रबरांचे पाकीट पुढच्या कप्प्यातून निघून मागच्या ट्रेच्या कडेला खिळ्याला टांगलेले आहे. मामा आरसा पुसत होते.

दुपारी खिशातला फोन वाजला. ताईचा क्रमांक.

त्याने उचलला. पलीकडे शब्द नव्हता. श्वासाची बारीक शीळ होती. आयुष्यभर त्याने असेच कॉल धरून ठेवले होते, ते जिवंत आहेत की नाही एवढेच पाहिले होते, आणि त्यांच्याकडून कधी कशाची अपेक्षा केली नव्हती. हाही त्याने कानाशी नुसता धरून ठेवला. मग फोनवर नखाचा आवाज आला. टक, टक. बोर्डावर बसलेली ताई, लाइन जोडलेली आहे पण माणूस बोलत नाही असे झाले, की हेडफोनच्या बोलण्याच्या नळीवर अशीच टिचकी मारत असे.

“ताई,” तो म्हणाला, “टाकीपाशी आहे मी. आता खिंडीकडे निघालोय.”

टक.

“मामा चालवतायत. जेवण झालं. खिंड आली बघ.”

त्याची नजर लॅपटॉपवर खिळली. टाकीचा आलेख झुकू लागला, डोंगरापलीकडचा उठू लागला. त्याने श्वास रोखला. आलेख एकमेकांना छेदून गेले.

“आहेस ना?”

टक.

रस्ता संपत आला. नव्या तुकड्याच्या शेवटी उतार होता, आणि उताराच्या खाली पुढचा टॉवर अजून उभा राहायचा होता. पायाचा चौथरा तेवढा बांधून झाला होता. तिथे मागचा हात सुटतो आणि पुढे धरायला कोणी नसते, हे त्यानेच पूर्वी मोजून कळवले होते.

“मामा, इथेच थांबवा गाडी.”

“पुढचं राहिलंय की, साहेब.”

“राहू दे जरा.”

मामांनी आरशात पाहिले, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. ट्रेमधले मुके कॉल आपापल्या जागी चालू होते. कानाशी धरलेल्या फोनमधून श्वासाची शीळ येत होती. उताराच्या काठावर गाडी उभी होती. तो पुढे काय बोलावे याचा शोध घेत होता, आणि पलीकडे ताई ऐकत होती.