हणमंत, भुजंग आणि समुद्रफूल

शंकरप्पांना समुद्र भेटला तो नांदेडला, दाताच्या डॉक्टरकडे. तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काढलं ते कवळीचं. दवाखान्यात बसायच्या खोलीत काचेची मोठी पेटी होती. तिच्यात एक जाडजूड बोटाबोटांचं हिरवट फूल पाण्यासोबत डोलत होतं आणि त्या बोटांमध्ये दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे असलेले, लोळत होते. गोधडीत लोळावं तसे, अगदी निवांत. आतल्या मुलीनं तीनदा नाव पुकारलं. चौथ्यांदा डॉक्टर स्वतः बाहेर आले, तेव्हा शंकरप्पा म्हणाले, "दाताचं ऱ्हाऊ द्या हो साहेब. हे कुठं मिळतंय?"

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. सगळी नोकरी अहमदपूर, नांदेड, किनवट याच रस्त्यांवर गेली. जन्मभर माणसं कोंबून बसवली, आणि इथं दोन जीव इतक्या खुशीत बसलेले, सीटवरून भांडण नाही, खिडकीवरून रुसवा नाही. हे त्यांच्या मनात घर करून राहिलं.

डॉक्टरांनी राघवेंद्रचा पत्ता दिला. राघवेंद्रचं नांदेडात माशांचं दुकान होतं. पोरगा सरळ बोलणारा. तो म्हणाला, "अप्पा, ते फूल न्हाई, जनावर हाय. समुद्रफूल म्हणतेत. त्या बोटांत विष असतंय, दुसरा मासा शिवला की खलास. ह्या पट्ट्यावाल्या क्लाउनफिशला तेवढं चालतंय. पण घाई करायची न्हाई. पयले दोन महिने नुसतं पाणी आन् दगड. मग मासे. फुलाचं नाव सहा महिन्यानी काढायचं."

शंकरप्पा तीन फुटी पेटी, मिठाची बादली आणि दगड घेऊन अहमदपूरला घरी आले. टीव्हीशेजारी पेटी मांडली. फिल्टरचं शुद्ध पाणी काढलं, त्यात मोजून मीठ घातलं आणि ढवळत बसले. तारामतीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. संसारात त्यांनी नवऱ्याचे तीन नाद पाहिले होते, पण हा चौथा त्यांच्या डोक्यावरून गेला.

"अहो, नळाला आठ दिसानी पाणी येतंय," त्या म्हणाल्या, "आन् तुमी त्याच्यात मीठ कालवून राहिलात?"

"समुद्र करून राहिलोय."

"करा. पण फिल्टरचं उरलेलं पाणी मला भांड्याला लागतंय. ते तरी खारट करू नका."

दोन महिने पेटीत दगड आणि पाणीच होतं. दिवा जळायचा, पंप घुरघुरायचा आणि शंकरप्पा स्टुलावर बसून बघायचे. शेजारचे गुंडप्पा, मार्केट यार्डात मुनीम होते ते, रोज चहाला यायचे. पेटीपुढं वाकून विचारायचे, "मासे कुठं हायत?"

"यायचेत."

"मग बघतोस काय?"

"पाणी."

गुंडप्पांनी गल्लीत सांगितलं की रिटायर झाल्यापासून शंकरप्पाचं काही खरं नाही.

मग मासे आले. थर्माकोलच्या डब्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत बसून, नांदेड–लातूर गाडीनं. गाडीवर आरती नावाची नवी कंडक्टर होती. तिनं अप्पांना ओळखलं आणि पास बघायचीही तसदी घेतली नाही. शंकरप्पांनी मात्र डबा पुढं केला.

"ह्याचं तिकीट फाड."

"काय हाय त्यात?"

"दोन मासे."

"अप्पा, बसा की गपचूप."

"मी कोंबडीच्या खुराड्याचं तिकीट फाडलंय. सख्ख्या साडूच्या बोकडाचं फाडलंय. मासा काय जावई हाय?"

लोहा येईपर्यंत वाद चालला. मशिनीत माशाचं बटणच नाही, म्हणून आरती हरली नाही आणि शंकरप्पा जिंकले नाहीत. शेवटी माळाकोळीला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "जिते हायत का?" आणि पुढचा सगळा प्रवास डबा हातोहात फिरू नये म्हणून राखण्यात गेला.

माशांना नावं दिली हणमंत आणि भुजंग. नोकरीत ज्यांच्या शेजारी अर्धं आयुष्य गेलं, त्या दोन ड्रायव्हरांची. मोठा, दांडगा तो हणमंत. बारका, शांत तो भुजंग. हणमंत पहिल्याच दिवशी शंकरप्पांच्या बोटाला चावला. खरा हणमंतही असाच होता, गाडीला हात लावला की अंगावर यायचा.

सहा महिने भरले आणि समुद्रफूल आलं. तारामतीबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे खातं काय?" घर कडक शाकाहारी. शंकरप्पा म्हणाले, "उजेड." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे आठवड्याला झिंग्याचा एक तुकडा, आणि तो कोपऱ्यावरच्या देशमुख सरांच्या फ्रीजमध्ये शंकरप्पांच्या जुन्या जेवणाच्या डब्यात राहायचा.

फूल दगडावर बसलं, फुगलं, डोलायला लागलं. शंकरप्पा स्टूल पुढं ओढून बसले. आता जातील मासे आत.

मासे गेले नाहीत. काच पुसायला एक चुंबक होतं, अर्धं पेटीच्या आत आणि अर्धं बाहेर. आतल्या अर्ध्याला खरखरीत कापड होतं. हणमंतानं ते कापड घर म्हणून पसंत केलं. दोघंही त्याला अंग घासून दिवसभर पडलेले असायचे. शंकरप्पांनी काच पुसायला चुंबक सरकवलं की मासे त्याच्यासोबत सरकायचे, जणू घराची वरात निघाली. फुलाकडं ढुंकूनही बघायचे नाहीत.

"सरका की आत," शंकरप्पा काचेला तोंड लावून म्हणायचे. "सगळं रिकामं हाय. सरका."

आठवडा गेला, महिना गेला, तीन महिने गेले. फूलच कंटाळून चालत पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि पुन्हा परत आलं. राघवेंद्रनं फोनवर सांगितलं की काही लोक काचेवर फोटो चिकटवतात, फुलात बसलेल्या माशांचा. बघून मासे शिकतात म्हणे. शंकरप्पांनी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत फोटो काढून आणला आणि बाहेरून चिकटवला. तारामतीबाई पोळ्या लाटता लाटता आल्या, फोटो बघितला, माशांना बघितलं.

"आता माशाला फोटो दाखवून स्थळ जमवायलात व्हय?"

मे महिन्यात, उन्हानं रस्ते वितळत असताना, भर दुपारी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून बसला. दिवा गेला, पंखा गेला, पंप थांबला. इन्व्हर्टर तासाभरात गळून पडला. पेटीतल्या तापमापकाचा काटा सव्वीसवरून तीसवर, मग एकतीसवर गेला. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं. शंकरप्पांच्या कपाळावर घाम सुटला, तो उन्हाचा नव्हता.

त्यांनी राघवेंद्रला फोन लावला. "बर्फाच्या बाटल्या सोडा, बंद झाकणाच्या," तो म्हणाला, "आन् पाणी वरून ओतत ऱ्हावा. हवा मिळाली पायजे."

"तुमी बर्फाला जा," तारामतीबाई म्हणाल्या. "मी ओतते."

शंकरप्पा बघतच राहिले. नऊ महिने ज्या पेटीला तारामतीबाईंनी हात लावला नव्हता, तिच्यापुढं पदर खोचून त्या उभ्या होत्या, हातात तांब्या. मग शंकरप्पांनी स्कूटर काढली. गुंडप्पांच्या फ्रीजमधून दोन बाटल्या, देशमुख सरांकडून तीन, आणि उरलेला बर्फ थेट कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून.

ते परत आले तेव्हा तारामतीबाई स्टुलावर उभ्या राहून तांब्यानं पाणी उंचावरून ओतत होत्या. हात थांबत नव्हता.

"गेले आत," त्या म्हणाल्या.

शंकरप्पांच्या हातातून एक बाटली पडली. "कोण? कुठं?"

"फुलात. बघा की."

आक्रसलेलं फूल थोडं उमललं होतं, आणि त्याच्या बोटांत हणमंत अंग घुसळत होता. शेजारी भुजंग, अजून थोडा बिचकलेला.

"कसे गेले?"

"कसे म्हंजे? गेले."

"अगं, पण आधी कोण गेला? तोंड पुढं करून गेला का शेपूट? फूल काय करत होतं?"

"मला काय ठाऊक, मी पाणी ओतत होते. तांब्याच्या आड ते तुमचं चुंबक येत होतं, म्हणून काढून टाकलं. मग ते दोघं इकडं तिकडं फिरले आन् गेले."

"चुंबक कुठाय?"

"मोरीत."

तीन महिने शंकरप्पांनी फोटो लावले, आर्जवं केली, पण माशांचं घर मोडायला त्यांचा जीव धजला नव्हता. ते स्टुलावर बसले. आनंद झाला होता आणि रुखरुखही लागली होती. ज्या क्षणासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला, त्या क्षणी ते बर्फाच्या कारखान्यापुढं रांगेत उभे होते. संध्याकाळी दिवे आल्यावर गल्ली बघायला जमली, तेव्हा तारामतीबाईंनी प्रत्येकाला नव्यानं सांगितलं. पाचव्या वेळी मासा फुलाला तीन फेऱ्या घालून, नमस्कार करून आत गेला होता. शंकरप्पा दर वेळी तितक्याच लक्षानं ऐकत होते.

दिवाळीच्या सुमाराला दगडाच्या सपाट बाजूवर नारिंगी ठिपक्यांचा पट्टा दिसला. राघवेंद्र म्हणाला, "अंडी हायत अप्पा. हे मासे जन्मतात नर. जोडीतला जो मोठा, तो मादी होतो."

"म्हंजे हणमंत?"

"हाव. हणमंत."

हे हणमंत ड्रायव्हरपासून गुपित ठेवायचं शंकरप्पांनी ठरवलं. पण दोनच दिवसांनी खरा हणमंत लग्नाच्या निमित्तानं इस्लापूरहून अहमदपूरला आला आणि मुक्कामाला इकडंच उतरला. सहा फूट उंची, हातभर मिशा. पेटीपुढं खुर्ची ओढून म्हणाला, "माझ्या नावाचा कोणता?"

"मोठा," शंकरप्पा घाईनं म्हणाले. "चहा घे."

"बरा हाय का?"

"लई बरं हाय," तारामतीबाई आतून म्हणाल्या. "परवाच अंडी घातली त्यानं."

हणमंतानं कप खाली ठेवला. मिशा हलल्या. शंकरप्पांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. हणमंत पेटीकडं वाकला. बारका मासा अंड्यांपुढं उभा राहून परांनी वारा घालत होता, अंडी तोंडानं साफ करत होता, जागेवरून हलत नव्हता.

"आन् हा भुजंग काय करून राहिला?"

"पोरं सांभाळतोय. अंडी घातली की मादीचं काम झालं. बाकी सगळं नरानं बघायचं."

हणमंत असा हसला की चहा सांडला. डोळे पुसत त्यानं किनवटला भुजंगाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळी हकिकत सांगितली, दोनदा, मध्ये मध्ये हसत. पलीकडून भुजंगानं सगळं ऐकून घेतलं. तो पहिल्यापासूनच कमी बोलायचा.

"शंकऱ्या," शेवटी त्यानं विचारलं, "जगतेत का रे ती पिल्लं?"

"पयल्या खेपेला न्हाई जगत म्हणतेत. पण पंधरा दिसानी पुन्हा घालतेत."

"मग पुन्हा घातली की कळव," भुजंग म्हणाला. "मी येतो. बघू काय करता येतंय."