तिकीट न काढलेल्या दोघी

आमच्या घरात पिकनिकचे फोटो ढिगाने आहेत, पण किस्से सगळे माझ्याकडे. कारण फोटोत स्लाइडवरून घसरणारे दिसतात आणि किस्से बाहेर चुलीपाशी बसलेल्यांकडे साचतात. म्हणजे माझ्याकडे आणि माझी धाकटी जाऊ सोनाली हिच्याकडे. दर मे महिन्यात करंजाडेहून आम्ही सगळे एका गाडीत कोंबून हायवेच्या वॉटर पार्कला जातो. तुम्ही विचारता, मजा येते का? ऐका मग.

*

पहिल्या वर्षी आम्हाला माहीतच नव्हतं, की आत घरचं जेवण नेऊ देत नाहीत. गेटवरच्या बाईने पिशव्या उघडल्या. मसाला लावलेलं चिकन, तांदूळ, दोन पातेली, पोळपाट-लाटणं! ती बघतच राहिली. "पिकनिकला आलाय की राहायला?"

सासूबाई म्हणाल्या, "आतलं विकतचं खाऊन पोरांची पोटं बिघडतात."

मग तिनेच सांगितलं, पार्किंगच्या मागे आंब्याखाली एक प्लॉट आहे, तिथे चूल मिळते. बाहेर शिजवा, बाहेरच जेवा. हातात पार्कचा पट्टा असला की जेवून परत आत सोडतो.

आता शिजवणार कोण? माझा दीर प्रदीप तिकिटाच्या रांगेतूनच ओरडला, "वहिनी आणि सोनालीचं तिकीट नको! त्यांना पाण्याची भीती वाटते!"

मी महाडकडची. सातवीत असताना मी नदी पोहून पलीकडे जायचे, करवंदं आणायला!

*

त्या प्लॉटचे मालक एक म्हातारे काका. जुने गाववाले. दगड मांडून द्यायचे, लाकडं फोडून द्यायचे. एकदा काम करता करता त्यांनी पार्कच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "तो मोठा पालना दिसतो ना, तितं माजं भाताचं शेत होतं."

मी विचारलं, "आत गेलायत का कधी, काका?"

"कशाला? माज्याच शेतान जायाला तिकीट काढू?"

"मग घरातलं कुणीच नाही गेलं?"

काकांनी लाकूड गुडघ्यावर मोडलं. "सून जाते ना. रोज जाते. झाडूवाली हाय तितं."

*

एका वर्षी शेजारच्या चुलीवर एक फॅमिली होती. टॉवरमधली, एकदम टापटीप. त्यातल्या बाई मीठ विसरल्या होत्या. आमच्याकडून घेतलं. मग कोथिंबीर घेतली. मग आमच्या रश्श्याच्या वासाने त्यांना राहवेना. "अहो, मसाला घरचा आहे का?" मी वाटीत रस्सा घालून दिला. उभ्या उभ्या भुरकला, बोटं चाटली. "काय टेस्ट आहे हो! मला रेसिपी पाहिजे हं!" मोबाइल नंबर द्यायचा ठरला. नाव सेव्ह करायला त्यांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

आम्ही बौद्ध. आडनाव ऐकलं की कळतं. मी सांगितलं.

त्यांचा अंगठा मोबाइलवर थांबला. मग वाटी हळूच आमच्या दगडावर ठेवली. अर्धी भरलेलीच. "अगंबाई, विसरलेच मी! आज माझा उपास आहे!"

आणि जाऊन आपली चूल फुंकायला लागल्या. त्या चुलीवर कोंबडी रटरटत होती!

सोनालीने ती वाटी उचलली आणि उरलेला रस्सा स्वतः पिऊन टाकला. "ताई," ती म्हणाली, "असला उपास मलापण जमेल."

*

गेल्या वर्षी प्रदीपने नवीन फोन घेतला, पाण्यात चालणारा. झालं! दर दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल. "वहिनी, ही बघा लाटांची राईड! सोनाली, बघ, बघ!" आम्ही कांदा परततोय, डोळ्यांतून धार लागलीय, आणि स्क्रीनवर माझा नवरा मिलिंद टायरवर आडवा पडून हात हलवतोय. चौथ्या कॉलला सोनालीने फोन उलटा फिरवला आणि चुलीच्या तोंडाशी धरला. सगळा धूरच धूर.

"काय गं, काहीच दिसत नाहीये!"

"आमची राईड आहे," ती म्हणाली. "अशीच असते."

पलीकडे सगळे जोरात हसले. त्यांना जोक वाटला.

*

आता यंदाचा.

मोठ्या स्लाइडला उंचीची अट आहे. पार्कच्या गेटपाशीच जिराफाचं चित्र आहे, त्याच्या लाल रेघेला डोकं लागलं तरच सोडतात. माझी तन्वी आणि प्रदीपचा आरव, दोघं एकाच वयाची. दोन वर्षं दोघंही रेघेखालीच राहिलेली. यंदा तन्वी आधी उभी राहिली. रेघेच्या वर दोन बोटं! ती टाळ्या वाजवत उड्या मारायला लागली. आरवही पास झाला. गेटवरच्या मुलीने दोघांच्या मनगटाला गुलाबी पट्टा बांधला.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तन्वी, तू थांब हं बाळा. यंदा माणसं जास्त आहेत. आई आणि काकूला हातभार लाव."

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी मिलिंदकडे पाहिलं. तो लॉकरची चावी शोधत होता.

गेटवरची मुलगीच शेवटी बोलली. "आजी, जाऊ दे ना तिला. हाइट झालीय तिची!"

सासूबाई अगदी मायेने तन्वीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, हाइट झाली म्हणूनच!"

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मागे रांग होती, लोक बघत होते, आणि एवढ्या वर्षांत गेटवर बोलायची सवयच लागली नव्हती. मी पातेली उचलली.

चुलीपाशी सोनालीने तन्वीला काहीच काम सांगितलं नाही. "बस गं तू, मोबाइल बघ." तन्वीने आपणच लसणाचा गड्डा पुढे ओढला. सोलता सोलता पट्टा ओला होऊ नये म्हणून मनगट वर धरत होती.

दुपारी सगळे निथळत आले. आरव मोठ्या स्लाइडबद्दल सांगत होता, तन्वी ताट वाढत होती.

संध्याकाळी निघालो. गाडी हायवेला लागली तसं मिलिंदने आरशातून मागे पाहिलं आणि दरवर्षीसारखं ओरडून विचारलं, "काय मंडळी, मजा आली की नाही?"

"हो!" सगळे ओरडले.

सगळ्यांत मोठा आवाज तन्वीचा होता.