पेटीच्या पोटातला टॅग

माझ्या थोरल्या जावेला तीस माणसांदेखत खोटारडी ठरवलं, तेही बोटभर कपट्यावरून, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

आमची हापूसची कलमं देवगडजवळच्या कातळी सड्यावर. थोरले दीर गेल्यापासून बाग जाऊच बघते. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तशी हंगामात तिच्या हाताखाली पेट्या भरायला लागले. बाहेरचा आंबा देवगडचा म्हणून खपवणाऱ्यांनी इकडे उच्छाद मांडलाय. म्हणून गेल्या हंगामात पॅकिंग केंद्राने फतवा काढला: प्रत्येक पेटीत टॅग हवा. बागेचा नंबर त्यात, आणि पेटीतली उष्णताही तोच मोजणार. आम्हाला बरंच वाटलं. आपला आंबा आपल्याच कलमाचा, मग भ्यायचं कशाला?

टॅग वाटायला केंद्राचे साहेब स्वतः आले. पातळ पट्टी, तिच्यावर चंदेरी नक्षी. जावेने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ह्येच्यात सेल खंय आसा?"

"सेल नाहीच, काकी. आमच्या मशीनमधून लहरी निघतात. त्यांच्यातूनच हा वीज घेतो आणि आपला नंबर सांगतो. सेल नाही, त्यामुळे संपायचा प्रश्नच नाही."

"म्हणजे हाक मारल्याशिवाय ह्यो जागो होवचो नाय."

साहेब हसले. जाताना बजावून गेले, "जपा हं. टॅग पडला तर पेटी बाद."

जपायचं कसं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. जे नाजूक ते गवताच्या पोटात. अंडी, कुडाळच्या बाजारातून आणलेल्या काचेच्या बरण्या, पिकायला घातलेला आंबा, सगळं तिथेच. टॅगचा गोंद खरखरीत फळीवर धरेना, तेव्हा जावेने एकेक टॅग गवतात गुंडाळून पेटीच्या मधोमध, आंब्यांच्या दोन थरांमध्ये ठेवला. अशा एकोणीस पेट्या. मी शेजारी बसून खिळे देत होते. मला त्यात काही खटकलं नाही, हेही सांगून टाकते.

केंद्राच्या दारात एक कमान आहे. तिच्यातून पेट्या पट्ट्यावरून जातात आणि टॅग वाचला गेला की पीं असा आवाज होतो. आमच्या एकोणीसपैकी दोनच वाजल्या. साहेबांनी पट्टा थांबवला आणि मागे ओळीत उभ्या असलेल्या सगळ्या बागायतदारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोनच पेट्या खऱ्या. बाकी सतरांत टॅग नाहीत. बाहेरचा आंबा मिसळलाय तुम्ही, काकी."

"साहेब, सगळे आंबे आमच्याच कलमांचे आहेत. टॅग मी माझ्या हातांनी ठेवलेत," जाऊ म्हणाली. केंद्रात ती शुद्धच बोलते.

"मशीन खोटं बोलत नाही."

मशीन बोलत नाही. खोटं बोलतात ती माणसं, आणि त्यातही आंब्याच्या चिकाने हात भाजलेली बाई पहिली, असा त्यांचा हिशेब. एक पेटी उघडून बघावी एवढीही तसदी त्यांनी घेतली नाही. ओळीतले लोक एकमेकांकडे बघू लागले. वर्षानुवर्षं आमच्या ओटीवर चहा प्यालेली माणसं ती, पण आमच्या पेट्या बाजूला सारून त्यांनी आपल्या पट्ट्यावर चढवल्या. एकेकाच्या पेट्या वाजत पुढे गेल्या आणि टेम्पो निघून गेले.

आम्हाला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. बसल्या बसल्या मी विचार करू लागले, त्या दोनच का वाजल्या? शेवटी न राहवून त्या उघडल्या. दोन्हींत टॅग घसरून फळीला टेकला होता. मग न वाजलेली उघडली. टॅग जिथल्या तिथे, चारी बाजूंनी आंबे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंबा म्हणजे बहुतेक पाणीच. मशीनची लहर त्या पाण्याने वाटेतच शोषली, आणि बिनसेलच्या टॅगला जागं व्हायला काही उरलंच नाही. इतकी वर्षं मुलांना लहरी शिकवल्या आणि मला हे आधी सुचलं नाही, याची लाज वाटली. पण ज्यांनी टॅग दिले त्यांना तर ठाऊक होतं. गठ्ठ्याबरोबर आलेल्या इंग्रजी कागदावर, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत ते छापलेलं होतं: पाण्याच्या आणि ओल्या मालाच्या जवळ लावू नये. आंब्याच्या पेटीसाठी दिलेला टॅग, आणि त्यावर ही सूचना. ती मराठीत तोंडाने सांगायला किती वेळ लागला असता?

सतराही टॅग काढून आम्ही पेट्यांना बाहेरून सुतळीने बांधले. पट्टा पुन्हा सुरू झाला. एकही पेटी न वाजता गेली नाही.

"झालं, ओके आलं," साहेब म्हणाले. "तुम्ही निघू शकता."

जाऊ जागची उठली नाही. शुद्ध बोलणं तिने सोडून दिलं. "मशीनान सांगल्यान. आता तुमी सांगा."

"सिस्टीममध्ये दुरुस्ती होईल, काकी."

"मगाशी सिस्टीमीत नाय बोललात. सगळ्यांसमोर बोललात, मोठ्यान. तसाच बोला. तवसर मी हयसून हलूचंय नाय."

पाऊण तास ती तशीच बसून राहिली. शेवटी साहेब खुर्चीतून उठले आणि मोठ्याने म्हणाले, की या बाईंच्या पेट्यांत बाहेरचा एकही आंबा नाही, चूक केंद्राची होती. ऐकायला मी होते, एक हमाल होता आणि पट्टा चालवणारी बाई होती. सकाळी ऐकलेले तीस जण केव्हाच आपापल्या गावी पोचले होते, आणि घरोघर सांगूनही झालं होतं.